दोन आयडियलचा छेद

बोळिंजमधल्या दंतवैद्याकडे मी नंबरची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक भाऊ आणि बहीण बोलत होते.

"हेमाली, सोमवारी तुझ्या पीएचडीच्या व्हायवाला सुभद्रामावशीपण येणार आहे. आईने पेढे सांगून ठेवलेत."

"दादा, पेढे थांबव. प्रबंधात चूक सापडलीय."

"टायपिंगची?"

"गणिताची. वर्तुळाच्या आत मर्यादेत राहणारी सगळी अॅनालिटिक फंक्शन घेतली, तर मोजक्या फंक्शनांपासून बनलेल्या दोन आयडियलचा छेदही मोजक्यांपासूनच बनतो. मी तेच काठापर्यंत सलग असणाऱ्या फंक्शनांना लावलं. तिथे ते नेहमी चालत नाही."

"मला त्यातलं 'मोजक्या' एवढंच कळलं. कोणाच्या लक्षात आलंय?"

"नाही. परीक्षकांनी तर तेच पान सुबक म्हणून वाखाणलंय."

"मग तू कशाला उकरतेस? कॉलेजची नोकरी या पीएचडीवर अडलीय तुझी."

"पुढची दोन प्रकरणं त्याच पानावर उभी आहेत. एक पडेल. दुसरं बहुतेक वाचेल."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला अजून माहीत नाही."

"सरांना तरी सांगितलंस?"

"सकाळी मेल केला. ते म्हणाले, काय करायचं ते तू ठरव."

"मग आईला काय सांगू, येऊ नको?"

"येऊ दे सगळ्यांना. फळ्यावर मी आधी ती चूकच मांडणार आहे. एवढं मावशीला सांगून ठेव, नाहीतर ती पहिल्याच वाक्याला टाळ्या वाजवेल."