नावाच्या आधी

श्रीपती : पाणी नको. आधी ह्या कार्डावर काय छापलंय ते मोठ्यानं वाच. शाळेत शिकवतेस ना, मग वाच.

संघप्रिया : मामा, बसा तरी. काशीमीऱ्याहून आलात, वर एवढे जिने चढलात.

श्रीपती : वाच गो.

संघप्रिया : ‘आमची आई कै. वैजयंताबाई यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी...’

श्रीपती : थांब. कै. म्हंजे काय?

संघप्रिया : कैलासवासी.

श्रीपती : माझी बहीण कैलासात कवा गेली? बौद्धाची बाय ती. आपल्यात काय लिवतात?

संघप्रिया : कालकथित.

श्रीपती : म्हाईत हाय ना? मग? सकाळपासून लोक दारात येऊन हसून जातात. म्हणतात, बौद्ध मंडळाच्या अध्यक्षांच्या बहिणीनं शंकराच्या शेजारी खोली घेतली काय!

लोकेश : ताईला बोलू नका मामा. कार्डं मी छापून आणलीत. ती तर हॉस्पिटलातून आल्यापासून धड झोपलेली पण नाही.

श्रीपती : तू आणलीस? मग डोळे कुठं ठेवले हुतेस?

लोकेश : मी कागदावर कालकथितच लिहून दिलेलं. आईशप्पथ...

संघप्रिया : राहू दे रे शपथ.

लोकेश : खरं सांगतोय. खालच्या दुकानातून प्रेसवाल्याला फोन केला. तो म्हणतो, ‘आपने गलत लिखा था, हमने सुधार दिया. सबका यही लगता है.’ आणि वर मलाच समजावतो, ‘बुरा मत मानो, इज्जत का शब्द है.’

श्रीपती : सुधार दिया! म्हंजे चूक आपली, नि सुधारणार तो. बरं, छापायच्या आधी तुला दाखवलं नाय त्यानं?

लोकेश : दाखवलं.

श्रीपती : आणि?

लोकेश : मी फक्त य बघितला.

श्रीपती : कसला य?

लोकेश : वैजयंतामधला.

संघप्रिया : जन्मभर तिचं नाव लोकांनी वैजंता लिहिलं, मामा. तिला वाचता येत नव्हतं तोवर चाललं. मग लोकेशची रश्मी पहिलीत गेली आणि नातीच्या पाटीवर आजीच अक्षरं गिरवायला लागली.

श्रीपती : ता ठाऊक हाय. मला पत्र लिवलंन हुतं. दोन ओळी, त्यात चार माणसांची खुशाली.

संघप्रिया : एकदा रश्मी बसल्या बसल्या रेशनकार्ड वाचत होती. म्हणाली, ‘आजी, तुझ्या नावातला य कुणीतरी खाल्लाय.’ झालं. दुसऱ्या दिवशी ही रेशनच्या ऑफिसात हजर.

लोकेश : मी होतो ना बरोबर. वाघ म्हणून क्लार्क होता. म्हणतो, ‘मावशी, वैजंता काय आणि वैजयंता काय, साखर तेवढीच मिळणार.’ तर आई म्हणाली, ‘वाघसाहेब, तुमच्यातला घ जरा माझ्याकडे ठेवायला द्या. मग तुम्ही उरलात नुसते वा!’ अख्खी लाईन हसली.

श्रीपती : घातला मग य?

लोकेश : घातला, पण किती फेऱ्या मारल्या! घरी आल्यावर तिने ते कार्ड देवाच्या... म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं होतं.

श्रीपती : बघ. जिभेवर पण देवच येतो तुझ्या.

लोकेश : मामा, ऐका ना. हॉस्पिटलात बेडच्या पाटीवर परत वैजंता. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. पाटीकडे सारखं बोट करायची. मला वाटायचं पाणी मागतेय. मी चमच्याने पाणी देत बसायचो, आणि ती मान फिरवायची.

संघप्रिया : मी आले तेव्हा कळलं मला. पेनने घातला मी य.

लोकेश : ताईने घातला, मला कळलाच नाही. म्हणून प्रेसमध्ये आधी तो बघितला. य दिसला आणि पुढचं मागचं काही दिसेना. म्हटलं, छापा.

(श्रीपती खुर्चीत बसतो. संघप्रिया पुढे करते तो पाण्याचा तांब्या या वेळी घेतो.)

श्रीपती : तुझा य बरोबर. पण त्याच्या आधीचं चुकलंच. रविवारी सगळ्यांच्या समोर उभा ऱ्हा नि तसं सांग.

लोकेश : आई गेलीय माझी, आणि तुम्हाला मंडळाची पडलीय?

श्रीपती : आणि माझी कोण हुती रे ती?

संघप्रिया : लोकेश, गप्प बस. मामा, तुम्ही पण. मला आता कुणाचंच भांडण ऐकवत नाही.

श्रीपती : भांडत नाय गो. मंडळाला मारा गोळी. तू पोटात हुतीस तवाची गोष्ट. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मग गावात आपली माणसं पण उठली. घरातले देव काढायचे ठरलं. पुरुष माणसं नुसतीच एकमेकांकडं बघत ऱ्हायली. हात कोण लावील? आक्कानं टोपली घेतलीन, सगळे टाक त्यात भरलेन, वर फडकं, नि निघाली खाडीवर. मी मागनं घंटा घेऊन.

लोकेश : घंटा कशाला?

श्रीपती : दहा वर्सांचा हुतो. मला वाजवायची हुती. आक्का म्हणाली, ‘वाजव बाबा, शेवटचीच.’ दारात तुझी आजी छाती बडवत बसलेली, सून देवांना बुडवायला चालली म्हणून. तर आक्का तिला काय म्हणाली म्हाईत हाय?

संघप्रिया : काय?

श्रीपती : ‘आत्याबाय, रडू नका. त्यांना पवता येत असंल तर येतील घरी.’

लोकेश : हे आईने कधी सांगितलं नाही आम्हाला.

श्रीपती : कशी सांगंल? परत येताना वाटेत बसून रडली ना. मला म्हणाली, कुणाला बोलू नको. सासूचा जीव हुता त्यांच्यात, तो दिसला म्हणून रडले, म्हणाली. देवांसाठी नाय. तिला तुम्ही कैलासात धाडता! मला कसं वाटंल?

संघप्रिया : नाही धाडत, मामा.

लोकेश : मी उद्या दुसऱ्या प्रेसमध्ये जातो.

संघप्रिया : रविवार परवावर आलाय. कोण देणार छापून? ती कार्डं इकडे आण. आणि तुझं दाढीचं ब्लेड.

लोकेश : ब्लेड?

संघप्रिया : आर्ट पेपर आहे. अलगद खरवडलं की शाई निघते. शाळेत हजेरीपट असेच नीट करतो आम्ही.

श्रीपती : मला पण दे एक. काशीमीऱ्याची नि हाटकेशची जी वाटून झाली, ती मी करतो. घराघरात जातो.

लोकेश : तुम्ही कशाला? माझी चूक आहे, मी जाईन.

श्रीपती : तू भाईंदरची कर. हसणारे माझ्याकडचे हायत.

संघप्रिया : हे बघा, निघालं. कागद थोडा खरबरीत झालाय, पण कळत नाही.

लोकेश : आता तिथे पेनने कालकथित लिहू?

संघप्रिया : एका अक्षराची नि टिंबाची जागा आहे. एवढा मोठा शब्द कसा बसेल?

श्रीपती : कायएक लिवू नको. नाव ऱ्हाऊ दे नुसतं.

लोकेश : आमची आई वैजयंताबाई... असं? पण मामा, हे तर जिवंत माणसाचं वाटतंय.

संघप्रिया : वाटू दे. रविवारपर्यंत.