लिंडनखालची झाडलोट

कालिना: पुन्हा मोजा, बोगुमिलकाका. लिंडनच्या झाडांखाली भुंगे पकडायला पुरलेल्या दहा पेल्यांत किती?

बोगुमिल: दहांत मिळून चार भुंगे. चाराचे सहा कुठून करू, पोरी?

कालिना: आणि तिकडे स्प्रूसच्या झाडांखाली तितक्याच पेल्यांत एकवीस! सगळं उलटंच. लिंडनचं पान पटकन कुजतं, त्यावर गांडुळं पोसतात आणि गांडुळांवर हे शिकारी भुंगे. इथे खुरपं मारलं तर गांडूळ औषधालाही नाही.

बोगुमिल: मग वनखात्याच्या साहेबांचं फावलंच. 'लिंडन तोडा, स्प्रूस लावा' म्हणून टपलेतच.

कालिना: माझा अहवाल असा गेला, तर मार्चमध्ये करवत लागणार.

बोगुमिल: नको गं. माझ्या बायकोनं, स्तेफानं लावलीत ही. मधमाश्यांसाठी. मी हसलो होतो तिला, म्हटलं, याची ना फळी होते ना वासा.

कालिना: म्हणूनच विचारते. झाडं बोडकी झाली, मग पानं कुठेत? जमीन तर अंगणासारखी लख्ख.





बोगुमिल: मी झाडतो. दंताळ्यानं. स्तेफाची कबर तिकडे लांब गदान्स्क शहरात, माहेरच्यांजवळ. माझ्या गुडघ्यांना तो प्रवास झेपत नाही. गेलेल्यांच्या आठवणीचा सर्वसंतांचा दिवस असतो, त्याआधी सगळं गाव आपापल्या कबरी झाडतं, घासतं. मी काय हात बांधून बसू? मी तिची झाडं झाडतो. अकरा वर्षं झाली.

कालिना: अहो, अकरा वर्षं मातीच्या तोंडचा घास काढलात तुम्ही!

बोगुमिल: म्हणजे तिची झाडं मीच तोडायला लावतोय?

कालिना: अजून उभी आहेत ना? पानं काढली जात होती, ही मोजणी धरू नका, असं स्पष्ट लिहिते. नव्या मोजणीला दोन वर्षं मागते. देतील की नाही, सांगता येत नाही.

बोगुमिल: माझं नाव घालून लिही. चूक माझी आहे.

कालिना: लिहीन. पण यापुढे दंताळं बंद. झाडून काढलेली पानं मी आजच परत पसरते.

बोगुमिल: परवा सर्वसंत. झाडांखाली तिच्या नावानं दिवा तरी लावू?

कालिना: वाळल्या पानांत? जन्मभर वनरक्षक होतात ना?

बोगुमिल: हो, तेही खरंच. मग करू काय मी?

कालिना: काही करू नका. येऊन बसा फक्त.

बोगुमिल: तीही हेच म्हणायची. 'जरा बस रे माझ्याजवळ.' मी कधी बसलो नाही.