आबांच्या चपलेवरची टाचणी

या फोटोचं तुम्ही कौतुक करताय खरं, पण तो मला चप्पल हुंगून मिळालाय.

उन्हाळा नुकताच लागला होता. बेडशाच्या ओढ्याकाठी मी कॅमेरा डोळ्याला लावून पालथा पडलो होतो. समोर गवताच्या पात्यावर निळी टाचणी, म्हणजे चतुराची नाजूक चुलत बहीण. गेले दोन उन्हाळे तिनं मला झुलवलं होतं, म्हणून मी श्वाससुद्धा रोखला होता.

पलीकडं धुणं धुणाऱ्या मावशी ओरडल्या, "अवं, पळा! ह्या मानसाला फिट आलीया!"

त्यांचे मालक, आबा, धावत आले. पायातली चप्पल काढून त्यांनी माझ्या नाकापुढं धरली. "हुंग बाबा, हुंग!"

हललो तर टाचणी उडणार, म्हणून मुकाट हुंगली. तरी ती उडालीच. गेली, म्हटलं! तर बाईसाहेब गिरकी घेऊन थेट चपलेच्या अंगठ्यावर येऊन बसल्या.

"आबा, हलू नका!"

"बोलला गं, बोलला!" आबा ओरडले, पण हात जराही हलला नाही. मी जरा मागं सरकून धडाधड फोटो काढले.

स्क्रीनवर टाचणीचे डोळे, पंखांवरच्या शिरा, सगळं लख्ख! मी तिथंच ओढ्यात नाचलो. आबांनी फोटो निरखून बघितला आणि मावशींकडं वळून ते म्हणाले, "आन् तू ही चप्पल फेकून द्या म्हनत हुतीस!"