थोरलीच्या गच्चीवरचं ऊन

"धाकट्या जावेनं हळदीकुंकवाला बोलावलं, अन् वाण द्यायच्या आधी समद्या बायका गच्चीवर नेल्या. सोलरच्या पाट्या बघायला!" आकुर्डीच्या वीज कार्यालयातल्या रांगेत कौशल्याबाई पुढच्या बाईला सांगत होत्या.

"नवं कौतुक असतंय, मावशी."

"आधी पाट्यांना कुंकू लावलं तिनं, मग मला! थोरल्या जावेला!"

"मग तुमी हितं कशाला आलाय?"

कौशल्याबाईंनी हातातला कागद पदराखाली सारला. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"अगंबाई, आक्का! तुमीबी सोलरचा अर्ज भरताय?"

नव्या मीटरच्या कामाला आलेली धाकटी जाऊच होती. कौशल्याबाई सावकाश वळल्या.

"व्हय, शालन. कुंकू लावून ऊन वाढत न्हाई. तीन वाजले की तुझ्या पाट्यांवर माझ्या घराची सावली पडती. माझ्या गच्चीवर दिवस मावळंस्तवर ऊन हाय."