मिरचीचं फूल

मंडळी, वाचनालयाच्या या खोलीत किसन नेहमी त्या दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. आज तिथं कोणीच बसलं नाही. आल्याबरोबर मी ते पाहिलं.

किसन देऊळघाटचा. भाजीपाला पिकवायचा आणि कथा लिहायचा. मी इथं बुलढाण्यात घड्याळं दुरुस्त करतो, थोडंफार लिहितो. चौथीत शाळा सुटली. पुढचं सगळं पुस्तकं वाचून स्वतः शिकलो. त्याचा मला अभिमान आहे. बाजाराच्या दिवशी भाजी विकून तो दुकानात यायचा, कथा पुढं सरकवायचा. "खोल बे पंडित, पाह्य कुठं अटकली ते!"

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. त्यानं लिहिलं होतं, 'मिरचीच्या फुलासारखी मान खाली घालून ती उभी राहिली.' मी म्हणालो, "चूक आहे. फूल उन्हाकडे पाहतं."

"असं म्हनतं?"

"मी कशाला म्हणू? पुस्तकात आहे."

तो हसला. "मंग कर बाबा दुरुस्त."

मी 'मान वर करून' असं लिहिलं. तसंच मासिकात छापून आलं.

परवा किसनच्या मळ्यात वहिनींना भेटायला गेलो. मिरची फुलावर आलेली. मंडळी, मी वाकलो. एक झाड पाहिलं, दुसरं पाहिलं, अख्खी ओळ पाहिली. फुलं खाली पाहत होती. सगळी. जन्मभर मिरची लावणाऱ्याला मी मिरची शिकवली होती!

वहिनींना विचारलं, "त्यानं मला सांगितलं का नाही?"

"म्याही तेच म्हनलं, भाऊ. तर म्हने, 'भास्करले शाळा नाही भेटली वं. एक एक बुक वाचून हुशार झाला. माह्या एका फुलापाई त्याचं मन मोडू?'"

तुमच्यातले कित्येक म्हणतात, किसनच्या कथा भास्करनं घडवल्या. मी ते ऐकून घेत आलो. नाही म्हणालो नाही. आज म्हणतो. नाही. त्या त्याच्याच होत्या. त्याचं पुस्तक छापखान्यात आहे, तपासायची पानं माझ्याकडे आहेत. काल ते वाक्य मी त्यानं लिहिलं होतं तसं परत केलं. त्याला आता सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आता उठू या. दोन मिनिटं कोणी बोलू नये. त्यानं लिहिलं होतं तसे उभे राहू. मान खाली घालून.