शून्य डेंग्यूची सोसायटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भाऊसाहेब, व्यासपीठावरील आरोग्य अधिकारी डॉक्टर गंधाली मॅडम, आज निवृत्त होणाऱ्या आरोग्य सेविका, सत्कारमूर्ती मालनताई, आणि मुलुंडच्या आपल्या सुखदा सोसायटीतील कायम ठणठणीत सभासदहो,

ठणठणीत हा शब्द मी मुद्दाम वापरला. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गेटवर ‘शून्य डेंग्यू सोसायटी’ असा बॅनर होता. सेक्रेटरी या नात्याने तो मीच लावला होता. स्वच्छतेच्या बक्षिसासाठी परीक्षक यायचे होते ना. नेमक्या त्याच आठवड्यात मालनताई घरोघरी पाहणी करून गेल्या आणि कागदावर लिहिलं, डेंग्यूचे रुग्ण तेवीस.

मग आपण काय केलं? कुंड्यांखालचं पाणी ओतलं? छे. आकडा खोटा आहे असं पत्र लिहिलं. साठ सह्या. एवढ्या सह्या पाण्याच्या तक्रारीलाही कधी जमल्या नव्हत्या. ताईंना पुन्हा मोजायला पाठवण्यात आलं. लिफ्ट बंद, मजले सात, आणि प्रत्येक दारात एकच उत्तर, “आमच्याकडे सगळे बरे आहेत.” अध्यक्ष महाशय, आपण गावी गेलात असं वहिनींनी सांगितलं. आपण आतल्या खोलीत सलाईन लावून पडला होतात.

खाली आल्यावर ताई मला म्हणाल्या, “साहेब, ताप कुणालाच नाय. मग कंपाउंडातल्या पपईचा पाला खाल्ला कोणी? झाड बोडकं झालंय ना.”

मी म्हणालो, “कीड लागली असेल.” त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

ताईंनी आकडा बदलला नाही. बक्षीस आपल्याला मिळालं, ते त्या कपाटात आहे. त्यांच्या फाइलीत मात्र शेरा पडला, ‘आकडे फुगवून देतात.’ आज पाच वाजता नोकरी संपेल, शेरा राहील. शाल-श्रीफळाने तो पुसला जात नाही. मॅडम म्हणतात, तक्रार करणाऱ्यांनीच ती लेखी मागे घेतली तर आज खोडता येईल.

पेपर वाचताना आपण म्हणतो, सरकारी आकडे, त्यात काय खरं असणार? अहो, ते आकडे आपल्याच दारातून निघतात.

तेव्हा त्या पावसाळ्यात ज्यांना डेंग्यू झाला होता, त्यांनी कृपया हात वर करा. बक्षीस परत मागायला कोणी येणार नाही. धन्यवाद, भाऊसाहेब. रुचिरा, नवऱ्याचा हात तूच वर कर, त्याला जमत नाहीये. मालनताई, मोजता का?

किती? चोवीस?

म्हणजे आपलं पत्र बरोबर होतं. आकडा चुकलाच होता, एकाने कमी होता. तो चोविसावा मी. पहिल्या पाहणीला ताईंनी बेल वाजवली तेव्हा मी तापाने फणफणत पांघरुणात होतो, आणि “हे ऑफिसला गेलेत” असं बायकोला सांगायला लावलं होतं.

मॅडम, हे माघारीचं पत्र, पहिली सही माझी. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. जेवण तयार आहे. ताटं सह्यांच्या टेबलाच्या पलीकडे मांडली आहेत.