बाबांचे लग्नातले बूट

नौपाड्यातल्या बूट दुरुस्तीच्या दुकानात आसावरीचा नंबर आला होता. मागे एक काका एका तरुणाच्या हातातले काळे बूट घेऊन न्याहाळत होते.

“अरे, शिवलेला सोल आहे! कुणाचे रे हे?”

“बाबांचे, काका. त्यांच्या लग्नातले. दर महिन्याला पॉलिश करून, आत कागद भरून ठेवायचे. आज अकराला माझा इंटरव्ह्यू आहे आणि नेमकी टाच सुटली.”

“मग ते स्वतः काय घालतात?”

“चप्पल. म्हणतात, कामावर, केमिकल कंपनीत बूट खराब होतात.”

“म्हणजे तुझ्या वयावरून, लग्नापासून सव्वीस-सत्तावीस वर्षं हे नुसते जपलेत?”

“हो ना. बारावीला माझा पाय यात बसला, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरलेले.”

काकांनी बूट दोन्ही हातांनी परत दिले.

आसावरीने आपली सँडल पुन्हा पिशवीत ठेवली.

“आधी यांचं करा,” ती दुकानदाराला म्हणाली.